घरघंटीच्या खोक्यातला संगणक

घरघंटीच्या मोटरवर बहुधा एक अश्वशक्ती असं लिहिलेलं असतं. म्हणजे 746 वॉट. आजचं तगडं ग्राफिक्स कार्ड, उदाहरणार्थ 2022 साली आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स 4090, एकटंच 450 वॉटपर्यंत खातं. त्याच्या जोडीला 170 वॉटचा प्रोसेसर आणि बाकीचं किडूकमिडूक धरलं की संगणकही त्याच घरात जाऊन बसतो. घरघंटी निदान गहू तरी दळते. तरी तिने ओढलेल्या विजेची शेवटी बहुतेक उष्णताच होते, म्हणून तर डब्यातलं ताजं पीठ हाताला गरम लागतं. संगणकाने घेतलेला तर जवळजवळ प्रत्येक वॉट उष्णता होऊनच बाहेर पडतो.

माझी भाची ठाण्यात कासारवडवलीला राहते आणि अ‍ॅनिमेशनचं काम करते. रेंडरिंग, म्हणजे चित्राची एकेक चौकट संगणकाकडून तयार करून घेणं, लावलं की तिचा संगणक रात्र रात्र पूर्ण ताकदीने चालतो. घरात नवी, छोटी घरघंटी आल्यावर जुनीची मोटर आणि दळणाचा भाग भंगारात गेला, आणि कमरेइतकं उंच, सनमायका लावलेलं, चार चाकांचं खोकं मात्र तिने अडवून ठेवलं. त्यात तिला पाण्यावर थंड होणारा संगणक बसवायचा होता. आईचा, म्हणजे तिच्या आजीचा, पहिला प्रश्न होता, ‘विजेच्या वस्तूत पाणी कशाला घालतेस गं?’ प्रश्न बावळट अजिबात नाही. त्याचं उत्तर देताना बरंच भौतिकशास्त्र हाताशी घ्यावं लागतं.

आधी उष्णता कुठे तयार होते ते पाहू. त्या ग्राफिक्स कार्डाची मुख्य चिप सुमारे 600 चौरस मिलिमीटरची, म्हणजे सहा चौरस सेंटिमीटरची आहे. 450 वॉटपैकी बराच भाग एवढ्याशा जागेतून बाहेर पडतो. हजार वॉटची इस्त्री घ्या. तिचा तवा साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॉट. चिपच्या बाबतीत हाच आकडा पन्नास-साठच्या पुढे जातो, आणि इस्त्रीला तापायचंच असतं, तर चिपला नव्वद-पंचाण्णव अंशांच्या आत राहायचं असतं. त्यापुढे ती स्वतःच आपला वेग कमी करते.

एवढ्या छोट्या जागेतली उष्णता उचलून ऐसपैस जागेवर पसरायची आणि मग हवेला द्यायची, हेच सगळं काम आहे. हवा हे वाहनाचं काम वाईट करते. एक लिटर हवा एका अंशाने तापायला जेमतेम 1.2 ज्यूल पुरतात. एक लिटर पाण्याला सुमारे 4,180 ज्यूल लागतात. तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता घेऊन जातं. भाचीचा पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवतो. 600 वॉट उष्णता घेऊनही ते पाणी एका फेरीत फक्त दोन अंशांनी तापतं. आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, पाण्यातली उष्णता हवेला देणारा पात्यांचा रेडिएटर मध्ये घालावा की शेवटी, यावर हौशी मंडळी तासन् तास भांडतात. सगळ्या वळशातला फरक दोन अंशांचा असेल तर त्या भांडणात फारसा दम नाही. नळ्या जिथून सरळ आणि सोयीच्या जातील तिथून न्याव्यात.

पाणी चिपला थेट शिवत नाही. चिपवर थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मलमाचा, पातळ थर, त्यावर तांब्याचा ठोकळा आणि त्याच्या पोटात केसासारख्या बारीक चिरा. पाणी त्या चिरांमधून जातं. जाड नळीत मधलं पाणी तांब्याला न शिवताच निघून जातं. चीर जितकी अरुंद, तितका प्रत्येक थेंब धातूच्या जवळ. हा विचार स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीस या दोघांनी 1981 साली टोकाला नेऊन दाखवला. त्यांनी सिलिकॉनमध्येच सूक्ष्म चिरा कोरून दर चौरस सेंटिमीटरला 790 वॉट उष्णता पाण्याने उपसली. घरगुती वॉटर ब्लॉकमधल्या, म्हणजे या तांब्याच्या ठोकळ्यातल्या, चिरा त्याच घराण्यातल्या आहेत.

पण तांब्याकडून घेतलेली ही उष्णता पाणी ठेवणार कुठे? रेडिएटरमधून ती शेवटी खोलीच्या हवेलाच द्यावी लागते. म्हणून असा संगणक खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. परदेशी व्हिडिओंत बावीस अंशांच्या खोलीत काढलेले आकडे दाखवतात आणि आपले लोक मे महिन्यात ठाण्यात बसून हळहळतात. तुलना करायची ती पाणी आणि खोली यांच्या तापमानांतल्या फरकाची. ढोबळ ठोकताळा असा: 120 मिलिमीटरच्या एका पंख्याइतका रेडिएटर मंद वेगात साधारण शंभर वॉट काढतो आणि पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश गरम राहतं. सहाशे वॉटना असे सहा भाग हवेत, म्हणजे तीन-तीन पंख्यांचे दोन रेडिएटर. खोली 35 अंशांवर असेल तर पाणी 45 वर. ऐकायला भयंकर वाटतं, पण चिपच्या दृष्टीने 45 अंशांचं पाणी चांगलंच गार आहे. आयबीएमने 2010 साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठात अ‍ॅक्वासार नावाचा महासंगणक उभारला, त्यात तर साठ अंशांपर्यंतचं गरम पाणी सोडून चिप थंड केल्या जात.

मग नळी फ्रीजमधून का नेऊ नये, असं कोणीतरी विचारतंच. दोन कारणं आहेत. घरगुती फ्रीजची उष्णता उपसण्याची ताकद शंभर-दोनशे वॉटच्या घरातली. सहाशे वॉट त्याला झेपत नाहीत. दुसरं कारण आपल्या हवेत आहे. जुलैत खोली 29 अंशांवर आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते ते तापमान, येतो 26 अंशांवर. त्याहून गार असलेल्या प्रत्येक नळीला आणि ठोकळ्याला घाम फुटणार, आणि तो थेट मदरबोर्डवर ओघळणार. नळ्या कुठेही न गळता संगणक ओला होईल. खोलीपेक्षा गरम पाण्याच्या नळीवर दव धरत नाही, हा साध्या रेडिएटरचा मोठा फायदा आहे.

आता खोक्याकडे. हवेवर चालणाऱ्या संगणकात कॅबिनेट हीच हवेची वाट असते. तिचा आकार चुकला की सगळं चुकतं. पाण्यामुळे उष्णता जिथे तयार होते ती जागा आणि जिथे सोडायची ती जागा यांची फारकत होते, म्हणून घरघंटी, पत्र्याची ट्रंक, जुना यूपीएस असं काहीही कॅबिनेट होऊ शकतं. मात्र लाकूड आणि प्लाय उष्णता जवळजवळ नेतच नाहीत. खोक्याच्या भिंतीतून काही बाहेर जाईल ही आशा सोडून द्यायची. दोन्ही बाजूंच्या फळ्या सुताराकडून कापून घेऊन तिथे एकेक रेडिएटर बसवला, दोन्हींतून हवा आत येते आणि वर जिथे धान्य ओततात त्या चौकोनातून बाहेर जाते. एका रेडिएटरमधून आत आणि दुसऱ्यातून बाहेर असं केलं असतं तर दुसऱ्याला पहिल्याची तापलेली हवा मिळाली असती. हवा सहा अंशांनी तापून बाहेर पडते असं धरलं तर सेकंदाला नव्वदएक लिटर हवा त्या चौकोनातून जायला हवी, म्हणून तोही रुंद करावा लागला. गरम हवा आपोआप वर जाते म्हणून वरची वाट चांगली, असं पुष्कळ जण सांगतात. जाते खरी, पण पंख्यांच्या जोरापुढे ती ओढ नगण्य असते. इथे वरची वाट निवडली ती भोक तयार होतं म्हणून.

लाकडी खोक्यात एक गोष्ट विसरून चालत नाही. लोखंडी कॅबिनेट अर्थिंगचं कामही गुपचूप करत असतं. इथे मदरबोर्डसाठी वागळे इस्टेटमधून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लेझरने कापून आणला, आणि एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाची, धातूची पेटी त्याच पत्र्यावर स्क्रूने आवळली. पेटी तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीशी जोडलेली असते, त्यामुळे पत्राही जोडला जातो.

धुळीचा विचार मी तरी सगळ्यात आधी केला असता. घोडबंदर रोड, वर्षानुवर्षं चाललेलं मेट्रोचं बांधकाम आणि खोक्याच्या कोपऱ्यांत मुरलेलं पीठ. पीठ उरलं तर किडे होतात आणि दमट हवेत ते रेडिएटरच्या पात्यांत लगद्यासारखं बसतं, म्हणून खोकं आतून पुसून, उन्हात वाळवून मगच काम सुरू झालं. रेडिएटरही विरळ पात्यांचे घेतले. दाट पात्यांमध्ये पृष्ठभाग जास्त मिळतो, पण हवा ढकलायला पंखे जोरात फिरवावे लागतात आणि धूळही लवकर अडकते. बाहेरून मच्छरदाणीची जाळी लावली आहे, ती काढून नळाखाली धुता येते.

पंखे मंद ठेवण्यामागे सुंदर गणित आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण पंख्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. रेडिएटर मोठा असेल तर निम्मी हवा पुरते. माझ्या मते पाण्याच्या खटाटोपाचं खरं फळ ही शांतता आहे. वेगात फार वाढ होते असं नाही. दिवसातून तासभर गेम खेळणाऱ्याने बाजारातला चांगला हवेचा कूलर घ्यावा, पैसे आणि डोकं दोन्ही वाचतं.

पाणी कोणतं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. भातसेचं असो की नवी मुंबईकरांचं मोरब्याचं, नळाचं पाणी प्यायला उत्तम, पण त्यात क्षार असतात. ते चिरांत बसतात आणि गंज वाढवतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं क्षारमुक्त पाणी, सीलबंद आणि चांगल्या कंपनीचं, इथे चालतं. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहत नाही हे खरं आहे, पण त्या भरवशावर निष्काळजी राहू नये. तांब्यावरून फिरताना ते थोडे थोडे आयन उचलतं, आणि बोर्डावरची धूळ तर त्याची वाटच पाहत असते.

धातूंची भेसळ हा त्याहून मोठा शत्रू. तांब्याचं प्रमाण विद्युत विभव अधिक 0.34 व्होल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं उणे 1.66. दोन्ही एकाच पाण्यात आले की ती नकळत एक बॅटरी होते, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून गाडीचा स्वस्त रेडिएटर आणण्याचा मोह इथेच आवरावा लागतो, कारण हल्लीच्या गाड्यांचे रेडिएटर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. सुरुवातीचे हौशी लोक गाडीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर वापरत, पण तो तांबं-पितळेचा असे. भाचीच्या खोक्यातला मदरबोर्डचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी पाणी त्याला शिवत नाही, म्हणून तिथे काळजी नाही. पाण्यात बेन्झोट्रायझोलसारखं गंजरोधक घातलं की ते तांब्यावर पातळ पापुद्रा धरतं. कोमट पाणी आणि उजेड मिळाला की शेवाळं येतं. ते मारायला मिळणाऱ्या काही थेंबांत असतं कॉपर सल्फेट, म्हणजे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणातून फवारतात तेच मोरचूद. नळ्या काळ्या, अपारदर्शक ईपीडीएम रबराच्या घेतल्या तर उजेडाचा प्रश्नच मिटतो. पारदर्शक मऊ नळ्यांतून प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, पाझरून पाणी गढूळ होण्याची भीतीही राहत नाही. दिसायला त्या बागेतल्या पाइपासारख्या दिसतात, पण दार बंद केल्यावर बघतो कोण!

आजीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर सायकलच्या पंपासारख्या एका हातपंपात आहे. पाणी भरण्याआधी नळ्यांत अर्धा बार जादा दाबाने हवा भरायची आणि काटा हलतो का पाहायचं. काटा स्थिर राहिला तर पाणी भरायचं, तेही संगणक बंद ठेवून. एसएमपीएसच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळीला जोडली की तो मदरबोर्डाशिवाय सुरू होतो आणि फक्त पंप चालवता येतो. टाकी पंपाच्या वरच हवी, कारण पंपाचं बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतं; कोरडा फिरला की खराब होतो. अडकलेले बुडबुडे काढायला खोकं सगळ्या बाजूंनी तिरकं करावं लागतं, आणि घरघंटीची चाकं इथे उपयोगी पडली.

हे सगळं नवं वाटत असलं तरी मोठ्या संगणकांत पाणी 1960च्या दशकापासून आहे. आयबीएमच्या 1980 सालच्या 3081 मध्ये चिपवर स्प्रिंगने दाबलेल्या दट्ट्या आणि त्यावर थंड पाण्याची पट्टी होती. 1985चा क्रे-2 तर अख्खा फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला. नंतर कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिप आल्या आणि पाणी मागे पडलं. आता ते परत आलं आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक द्रवावर थंड होतो, आणि ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांपुढेही, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एकेका कपाटातले शंभरावर किलोवॉट हवेने कसे उपसायचे, हाच प्रश्न उभा आहे.

भाचीचं खोकं शांत चालतं, पण सहाशे वॉट खोलीतच राहतात. सहा माणसं दाटीने बसल्यासारखं ते होतं. एक टनाचा एसी साधारण 3,500 वॉट उपसतो, त्याचा सहावा हिस्सा संगणकच खातो. पुढचा बेत त्यावरचा आहे: रेडिएटर काढून ड्राय बाल्कनीत ठेवायचे आणि भिंतीतून दोन नळ्या न्यायच्या. वळसा बंद असल्यामुळे रेडिएटर उंचावर असला तरी पंपाला पाणी चढवण्याचं ओझं पडत नाही, कारण उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलतं. वाढतं ते फक्त नळीतलं घर्षण. मध्ये झटकन सुटणारे जोड टाकले की खोकं स्वच्छतेसाठी बाहेरही काढता येईल.

बहिणीला यातला फक्त ड्राय बाल्कनी हा शब्द ऐकू आला. तिथे वॉशिंग मशीन आहे आणि पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे कपडे. भाचीने लगेच कागद ओढला: एक किलो पाणी वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल लागतात, 600 वॉटने तासाला साडेएकवीस लाख ज्यूल मिळतात. सगळी उष्णता कपड्यांनाच लागली तर तासाला जवळजवळ 900 ग्रॅम पाणी उडेल. प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही उडणार नाही. परवानगी मिळाली आहे. अट एकच, जीन्स वाळायला असतील तेव्हा रेंडरिंग लावायचं.