वरच्या मजल्यावर व्होल्टेज का पडतं?

एसी सुरू झाला की दिवा मंदावतो, गिझर पाणी तापवायला वेळ लावतो, आणि खालच्या मजल्यांवर कुणाचीच तक्रार नसते. अशा वेळी दोष बहुधा मीटररूमपासून फ्लॅटच्या डीबीपर्यंत (घरातला एमसीबींचा बॉक्स) आलेल्या मेन वायरचा असतो. एमसीबी पडत नाही, म्हणून या वायरीकडे कुणी बघत नाही.

6 स्क्वेअरची (तांब्याची जाडी 6 चौरस मिलिमीटर) वायर 32 अँपिअरला पुरते, असं वायरमन सांगतो. भिंतीवर उघडी बसवली असेल तर खरंही आहे. पण वायर किती करंट पेलते हा एक हिशेब, आणि तो करंट नेताना वाटेत किती व्होल्ट खर्ची पडतात हा दुसरा.

चौदावा मजला घ्या. उंची 42 मीटर. खाली मीटररूम ते डक्ट (वायरी वर नेणारा उभा बोळ) आणि वर डक्ट ते दार मिळून 28. एकूण 70 मीटर. सिंगल फेजमध्ये करंट न्यूट्रलने परतही येतो, म्हणून वायर 140 मीटर धरायची (हे विसरलं की उत्तर निम्मंच येतं). 32 अँपिअरला, तांब्याची वायर 70 अंशांवर तापलेली धरून:

6 स्क्वेअर: सुमारे 17.5 व्होल्ट, म्हणजे 7.7 टक्के
10 स्क्वेअर: 10 व्होल्ट, 4.4 टक्के
16 स्क्वेअर: 6.5 व्होल्ट, 2.8 टक्के

आयएस 732 या वायरिंगच्या भारतीय मानकानुसार दिव्यांसाठी मर्यादा 3 टक्के, इतर उपकरणांसाठी 5. तीही मीटरपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत मिळून. त्यामुळे इथे आम्ही 16 च सुचवतो. थ्री फेज मिळत असेल तर उत्तम: तेवढाच लोड तिन्ही फेजवर सारखा वाटला तर त्याच वायरीत घट एक षष्ठांशावर येते.

स्टॅबिलायझर हा उपाय नव्हे. तो व्होल्टेज उचलतो खरा, पण त्यासाठी त्याच बारीक वायरीतून जास्त करंट ओढतो आणि घट आणखी वाढवतो.

वायर बदलण्याआधी मोजून घ्या. काम परवानाधारक वायरमनचंच. एसी आणि गिझर चालू ठेवून मीटरपाशी व डीबीत एकाच वेळी व्होल्टेज, शिवाय क्लॅम्प मीटरने करंट. मीटरपाशीच 205 दिसत असतील तर तक्रार वीज कंपनीकडे. फरक हिशेबापेक्षा बराच जास्त आला तर आधी जॉइंट तपासा: मेन स्विचचा सैल स्क्रू, नीट न दाबलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी). तिथलं इन्सुलेशन काळवंडलेलं दिसतं.

सोसायटीच्या गच्चीवरच्या पंपाचा हिशेब वेगळा. डीओएल स्टार्टरवर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) मोटर सुरू होताना सहापटीच्या आसपास करंट घेते. केबल त्या क्षणासाठी तपासावी लागते.

आम्हाला बोलावताना बिलावरचा मंजूर लोड आणि डक्टची चावी तयार ठेवा. लांबी आम्ही नकाशावरून धरत नाही, डक्टमध्ये टेप सोडून मोजतो.