माशाबरोबर रेड वाइन का बिघडते? दोष रंगाचा नाही, लोहाचा

"माशाबरोबर व्हाइट वाइनच घ्यायची" हा नियम हल्ली आपल्याकडेही छातीठोकपणे सांगतात, पण का म्हणून विचारलं की उत्तर येतं, पांढऱ्या मांसाला पांढरी वाइन. हे काही कारण झालं नाही. खरं कारण केमिस्ट्रीत आहे आणि मला ते फार आवडतं.

आधी मासा तव्यावर टाकू. सुरमईची तुकडी, मीठ, हळद, थोडं तेल, बस. तुकडी टिपून अगदी कोरडी करा, कारण वर पाणी असेल तोवर तिथलं तापमान १०० डिग्रीच्या वर जातच नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते, आणि खरपूस रंग-वास देणारी मेलार्ड रिअॅक्शन जोरात व्हायला साधारण १४० डिग्री लागतात. माशाची प्रोटीन्स तापलेल्या धातूला धरतात म्हणून तुकडी आधी चिकटते, खालची बाजू वाळून कडक झाली की बऱ्यापैकी सहज सुटते, तेव्हा उलथनं घालायची घाई नको. आतलं मांस ६० डिग्रीच्या आसपास शिजतं, त्यामुळे उलटल्यावर जास्त वेळ ठेवलं की कोरडं पडणारच.

आता वाइन. बरीच वर्षं संशय टॅनिनवर होता, म्हणजे रेड वाइनमधल्या तुरटपणावर. २००९ मध्ये जपानच्या मर्शियन या वाइन कंपनीतल्या संशोधकांनी ३८ रेड आणि २६ व्हाइट वाइन स्कॅलॉप नावाच्या शिंपल्यांबरोबर चाखून बघितल्या. घोटानंतर तोंडात जो वशट वास रेंगाळतो तो जुळला वाइनमधल्या लोहाशी! लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की वास जास्त. वाइनची नक्कल म्हणून बनवलेल्या द्रावणात लोह घातलं तर वास वाढला, लोहाला जखडून ठेवणारं रसायन घातलं तर कमी झाला. आणि कमी लोहाच्या काही रेड वाइन माशाबरोबर चालूनही गेल्या.

होतं काय, तर माशाच्या चरबीत ओमेगा-३ सारखी, अनेक डबल बाँड (दोन कार्बनमधले दुहेरी बंध) असलेली फॅटी अॅसिड्स असतात. दोन डबल बाँडच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो, तो सुटला की तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होतं. त्याला स्वतःला फारसा वास नसतो. पण फेरस लोह, म्हणजे दोन धन भाराचं, त्याला एक इलेक्ट्रॉन देतं, ऑक्सिजन-ऑक्सिजनचा कच्चा बंध तुटतो, रॅडिकल, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनचा अस्थिर तुकडा, बनतं आणि लांब साखळी मधेच तुटून छोटे उडणारे अल्डिहाइड सुटतात, त्यातलंच एक हेप्टाडायेनल, ज्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला कळतो. आणि हे सगळं तुम्ही घोट घेतल्यावर, तोंडातच! मासा शिळा असेल तर हायड्रोपेरॉक्साइड आधीच साठलेलं असतं, मग वास जास्त यायला हवा हे ओघानेच आलं.

द्राक्षात लोह मातीतून येतं, शिवाय वाइनरीतल्या धूळ-भांड्यांतूनही, त्यामुळे रंगावरून काही ठरत नाही, आणि लेबलवर लोहाचा आकडा छापतही नाहीत.

लिंबू पिळायची पद्धत इथे दोनदा कामाला येते. माशाच्या वासातलं ट्रायमिथाइलअमीन अॅसिडमुळे क्षारात बदलतं आणि उडत नाही, शिवाय सायट्रिक अॅसिड लोहाला बांधून ठेवतं.

काही घरांत माशावर लोण्याचा सॉस म्हटलं की लगेच "मासे आणि दूध, कोड येईल" सुरू होतं. कोड येतं ते शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशींवर उलटल्यामुळे, दुधाचा आणि माशाचा त्यात काहीही संबंध नाही, आणि या भीतीपायी कोड असलेल्या माणसांना जे ऐकून घ्यावं लागतं ते थांबलंच पाहिजे.

सुरमई-पापलेटबरोबर नाशिकची शेनिन ब्लाँ किंवा सोविन्यों ब्लाँ ही व्हाइट वाइन थंड करून घ्या. रेडच हवी असेल तर बांगडा-तारलीसारखा तेलकट मासा टाळा, त्यात ही फॅटी अॅसिड्स भरपूर असतात, आणि तुकडीवर लिंबू जरा सढळ हाताने पिळा.