स्नोमोबाइलचा बेल्ट का जळतो?

स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीला, गिअरबॉक्स नसतो. क्रँकशाफ्टवर एक पुली, ट्रॅकच्या (गाडीखाली फिरणाऱ्या रुंद पट्ट्याच्या) बाजूला दुसरी, मधे रबरी बेल्ट. आपल्या ॲक्टिव्हामधे पण हाच प्रकार आहे, पण तिथे जेमतेम ७-८ हॉर्सपॉवर आणि इथे मोठ्या मशीनला १५० च्या वर, शिवाय स्कूटरला मागे वेगळा क्लच असतो, स्नोमोबाइलमधे मात्र बेल्ट आणि पुढची पुली हाच क्लच. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी जागची हलताना बेल्टच घसरत घसरत पकड घेतो. उष्णता तयार होते ती इथेच.

पुढच्या पुलीत वजनं असतात. इंजिन साधारण ३०००-४००० आरपीएमला गेलं की ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला हरवून पुलीच्या दोन तबकड्या जवळ आणतात आणि बेल्ट वर चढायला लागतो, म्हणजे वरचा गिअर पडल्यासारखं. मागच्या पुलीत तिरकी खाच असलेला हेलिक्स असतो, चढ आला किंवा बर्फ खोल लागला की तो त्या लोडनेच मागच्या तबकड्या घट्ट आवळतो आणि आपोआप खालचा गिअर पडल्यासारखं होतं. टू-स्ट्रोक इंजिनची खरी ताकद थोड्याशाच आरपीएमच्या पट्ट्यात, बऱ्याचदा ८००० च्या आसपास असते, आणि इंजिनला तिथेच धरून ठेवणं हे या दोन पुल्यांचं काम. म्हणून फुल थ्रॉटलला आरपीएम नेहमीपेक्षा कमी-जास्त दिसायला लागला तर आधी क्लच उघडून बघा, कार्ब्युरेटरच्या मागे नंतर लागा.

गुलमर्गला तर अजून एक भानगड. उंची सुमारे २६५० मीटर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीपेक्षाही थोडा कमी, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद जवळपास पाव भागाने घटते. मग तीच जड वजनं बेल्ट लवकर वर चढवतात, इंजिन दबतं आणि गाडी ओढत नाही, म्हणून उंचीवर हलकी वजनं टाकतात.

बेल्ट जळला की लोक बेल्ट बदलतात आणि पुढे जातात, पण माझ्या मते बहुतेक वेळा बेल्ट बिचारा निर्दोष असतो. कडा चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतोय, एकाच जागी खोलगट जळलं असेल तर ट्रॅक बर्फात गोठलेला असताना कोणीतरी थ्रॉटल दिलाय, एकच बाजू झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. आणि बेल्ट ढिला असेल तर गाडी उशिरा उचलते, जास्त ताणलेला असेल तर आयडलला पण पुढे सरकते, हे डिफ्लेक्शन, म्हणजे दाबल्यावर बेल्ट किती खाली जातो ते, मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणेच ठेवायचं.

साफसफाई सोपी आहे पण लोक टाळतात. बेल्टची काळी पूड क्लचमधे साचते, ती हवेने उडवायची, तबकड्या खरखरीत पॅडने हलक्या हाताने घासायच्या, आणि तिथे ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको. क्लचमधल्या रोलरवर सपाट डाग, बुशमधे (शाफ्टभोवतीच्या नळीत) खुळखुळ दिसली की पार्ट बदला, स्प्रिंग पण कालांतराने मऊ पडते. नवीन बेल्ट गरम साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून लावतात कारण त्याच्यावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर असतो, आणि सुरुवातीचे निदान ५० किलोमीटर दमाने चालवायचं, बाणाची दिशा बघून लावायचा, आणि स्पेअर बेल्ट घट्ट गुंडाळून कोंबून ठेवू नये, आतल्या दोऱ्या दुखावतात.