महाधमनीतलं इलॅस्टिन: लहानपणी बनतं, जन्मभर पुरवावं लागतं

दोन ठोक्यांच्या मधे हृदय रक्त ढकलत नसतं, तरी रक्त पुढे वाहतच राहतं. कसं काय? तर ठोका पडला की महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीची, भिंत ताणली जाते, मग आपोआप आकसते आणि तेच रक्त पुढे रेटते. हे जमतं ते भिंतीच्या बनावटीमुळे.

भिंतीचे थर तीन. सगळ्यात आत, रक्ताला लागून, पेशींचा फक्त एकपदरी थर, एंडोथेलियम. तो नुसतं अस्तर आहे असं बरीच वर्षं वाटायचं, पण 1980 मधे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉटने दाखवलं की सशाच्या महाधमनीचा हा थर घासला गेला तर ॲसिटिलकोलीन हे रक्तवाहिनी सैल करणारं रसायन देऊनही ती सैल पडत नाही, म्हणजे सैल हो हा निरोप याच पेशी देतात, आणि तो निरोप निघाला नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू! 1998 चं नोबेल या शोधाला मिळालं.

मला मात्र खरी कमाल मधल्या थराची वाटते. मायक्रोस्कोपच्या स्लाइडवर रंग देऊन स्टेन केलं की इलॅस्टिनचे, म्हणजे रबरासारखं ताणून परत आकसणाऱ्या प्रोटीनचे, पन्नासेक पापुद्रे एकाबाहेर एक दिसतात, मधे स्नायूपेशी आणि कोलॅजेन हे फारसं न ताणणारं चिवट प्रोटीन. पापुद्रे नागमोडी दिसतात कारण स्लाइडवरच्या धमनीत प्रेशर नसतं, जिवंतपणी ते बरेच सरळ ताणलेले असतात. साधा ताण इलॅस्टिन घेतं, फारच ताणलं की कोलॅजेन आवरून धरतं.

बाहेरच्या थरात कोलॅजेन, नसा, आणि भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, कारण एवढ्या जाड भिंतीत आतून ऑक्सिजन पार बाहेरपर्यंत पोचत नाही.

आता इलॅस्टिनची गंमत बघा, ते जवळपास सगळं जन्माआधी आणि लहानपणीच बनतं, नंतर नवीन धड बनतच नाही, आणि मिनिटाला 70 ठोके धरले तरी दिवसाला एक लाख वेळा ताणलं जातं. इतकं टिकणारं प्रोटीन शरीरात क्वचितच सापडेल, पण तेही शेवटी झिजतं, पापुद्रे तुटतात, कॅल्शियम साचतं, ताण कोलॅजेनवर येतो आणि भिंत कडक होते. मग ठोक्याला भिंत पुरेशी फुगत नाही म्हणून वरचं बीपी चढतं, आणि नंतर रेटा द्यायला फुगलेल्या भिंतीत रक्ताचा साठाच कमी असल्याने खालचं बीपी उतरतं. वयस्कर माणसांच्या रीडिंगमधे दोन आकड्यांतलं अंतर वाढलेलं दिसतं, ते बऱ्याचदा यामुळेच.