सिस्टिम रिस्टोअर की रीसेट? अपडेट फसल्यावर आधी काय निवडायचं

अपडेटनंतर विंडोज ११ सुरूच होत नसेल, तर दोन-तीनदा सुरू होताना पॉवरचं बटण दाबून धरून संगणक बंद करा. पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे 'ट्रबलशूट'मध्ये गेल्याबरोबर 'रीसेट धिस पीसी' समोर दिसतं. 'सिस्टिम रिस्टोअर' मात्र 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'च्या आत आहे. त्यामुळे घाबरलेला माणूस नेमका जास्त उलथापालथ करणारा पर्याय आधी निवडतो.

रिस्टोअर विंडोजला आधीच्या एका तारखेच्या स्थितीत नेतं. सिस्टिम फाइल्स, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) मागे जातात. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. तुमची कागदपत्रं आणि फोटो जिथल्या तिथे राहतात. अट एकच, रिस्टोअर पॉइंट, म्हणजे त्या तारखेच्या स्थितीची साठवलेली नोंद, आधीच तयार झालेला हवा. अनेक संगणकांवर असे पॉइंट तयार करणारं 'सिस्टिम प्रोटेक्शन' बंदच असतं, आणि मग यादी रिकामी दिसते.

रीसेट विंडोज नव्याने बसवतं. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी नंतर टाकलेले सगळे प्रोग्रॅम उडतात, प्रिंटरचा ड्रायव्हरही पुन्हा शोधावा लागतो. हिशेबाच्या एखाद्या सॉफ्टवेअरचा डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये साठत असेल, तर तोही गेला समजा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग'बद्दल वेगळं सांगायला नको.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधलंच 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग रिस्टोअर, रीसेट सर्वांत शेवटी. मोठा, आवृत्ती बदलणारा अपडेट साधारण १० दिवसांपर्यंतच काढता येतो, त्यामुळे चालढकल नको. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. घरच्या संगणकाची की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, ती मोबाइलवरून बघता येते.

रीसेटपर्यंत पाळी आलीच, तर आधी डेटा बाहेर काढा. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधलं 'कमांड प्रॉम्प्ट' (लिहून आज्ञा द्यायची काळी चौकट) उघडून notepad असं टाइप करा आणि नोटपॅड सुरू करा, 'फाइल'मधून 'ओपन' निवडा, फाइल प्रकार 'ऑल फाइल्स' ठेवा. त्याच चौकटीतून फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतो. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, तेव्हा आतले फोल्डर पाहून खात्री करा. कॉपी चालू असताना चौकट थिजल्यासारखी वाटते. ती बंद करू नका.

अपडेटनं फाइल्सच पुसल्या असतील तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १०च्या '१८०९' या आवृत्तीच्या अपडेटनं काही जणांच्या फाइल्स पुसल्या होत्या आणि मायक्रोसॉफ्टला तो थांबवावा लागला. अशा फाइल्स रिस्टोअरनं परत येत नाहीत. रीसेटनं तर त्याच डिस्कवर गिगाबाइटच्या हिशेबात नवं लिखाण होतं आणि उरलीसुरली शक्यताही बुजते. त्या क्षणी संगणक बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरनं मिळालेल्या फाइल्स तिसऱ्याच डिस्कवर उतरवा.