मोठं चित्र कोणाचं? बरोकपासून वास्तववादापर्यंत

१८५०-५१च्या हिवाळ्यात पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी चित्रप्रदर्शनात, एका चित्राने गदारोळ उडवून दिला. गुस्ताव कूर्बेचं 'ऑर्नांमधला दफनविधी'. तीन मीटरहून उंच, साडेसहा मीटरहून रुंद. त्यात चाळीसहून अधिक माणसं, जवळजवळ खऱ्या मापाची, आडव्या रांगेत उभी. ऑर्नां हे फ्रान्सच्या पूर्वेकडचं कूर्बेचं गाव. पाद्री, महापौर, गावकरी, डोळ्याला रुमाल लावलेल्या बायका, गुडघा टेकून बसलेला खड्डा खणणारा आणि भलतीकडेच बघणारा एक कुत्रा. खड्डा चित्राच्या खालच्या कडेला अर्धा कापला गेलेला, त्यामुळे बघणारा थेट त्याच्या काठावर येऊन उभा राहतो. मेलेला माणूस कोण, हे चित्र सांगत नाही.

चेहरे कुरूप आहेत, असं टीकाकार म्हणालेच. पण खरं खुपलं ते माप. एवढा कॅनव्हास राज्याभिषेकाला, लढाईला किंवा संताच्या हौतात्म्याला द्यायचा असतो, खेड्यातल्या मयताला नव्हे, असा तेव्हाचा दंडक होता. तो दंडक कुठून आला, हे बघायला अडीचशे वर्षं मागे जावं लागतं. बरोक, रोकोको, नवअभिजातवाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद ही नावं आपल्याकडचे कलेचे विद्यार्थी ओळीने पाठ करतात. मला मात्र त्या सगळ्या काळात एकच भांडण धुमसताना दिसतं: मोठ्या चित्रात कोणाला जागा द्यायची आणि ते कोण ठरवणार.

सुरुवात चर्चपासून करावी लागते. प्रोटेस्टंट बंडाने हादरलेल्या कॅथलिक चर्चने १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंटची परिषद भरवली आणि शेवटच्या बैठकीत चित्र-मूर्तींबद्दलही ठराव केला. धर्मचित्रं हवीतच, पण ती अडाणी माणसालाही कळली पाहिजेत आणि त्याच्या मनाला भिडली पाहिजेत. बरोक कलेतला उजेड-अंधाराचा खेळ, वळलेली शरीरं, ऐन प्रसंगाचा क्षण पकडण्याची ओढ, या साऱ्याला या मागणीने बळ दिलं. रोममधली शिल्पकार बर्निनीची संत तेरेसा बघा. संगमरवर असूनही वस्त्राच्या चुण्या वाऱ्याने हलल्यासारख्या वाटतात, आणि दोन्ही बाजूंना नाटकाच्या सज्ज्यात बसल्यासारखी कोर्नारो घराण्यातली माणसं कोरली आहेत.

या काळाचं अस्सल इटालियन काम पाहायला आपल्याला गोव्यापलीकडे जायला नको. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ज्या चौथऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सच्या जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो भेट दिला आणि १६९८मध्ये तो इथे बसवला गेला. त्यावरची झेवियरच्या आयुष्यातल्या प्रसंगांची काशातली उठावशिल्पं जवळून बघितली, तर बरोक शिल्पकार गर्दी कशी रचत, ते तिथेच समजतं.

पण चर्चला जे हवं होतं, ते फार खरं झालं की चर्चच बिचकायचं. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या 'मेरीचा मृत्यू' या चित्राची गोष्ट त्यासाठी महत्त्वाची आहे. मेरी लाल पोशाखात आडवी पडली आहे, पोट फुगलेलं, पावलं उघडी आणि सुजलेली. पुढे एक तरुणी खाली वाकून रडतेय, तिच्यापाशी तांब्याचं घंगाळ. वर लाल पडदा आहे, देवदूत एकही नाही. ज्या कार्मेलाइट साधूंच्या चर्चसाठी हे चित्र काढलं होतं, त्यांनी ते नाकारलं. चित्रकार रूबेन्सच्या शिफारशीवरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं. आज ते लूव्रमध्ये आहे. म्हणजे गरीब माणसाचं शरीर मोठ्या चित्रात १६००च्या सुमारासच शिरलं होतं. फक्त त्याला संताचं नाव घेऊन यावं लागत होतं.

हॉलंडमध्ये वेगळं घडलं. कॅल्व्हिनपंथी, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, चर्चमधून चित्रं हद्दपार झाली, भिंती पांढऱ्या रंगवल्या गेल्या, आणि चित्रकारांना गिऱ्हाईक मिळालं ते व्यापाऱ्यांमध्ये. घरातल्या भिंतीवर मावतील अशी लहान चित्रं बाजारात विकली जाऊ लागली: दूध ओतणारी मोलकरीण, मासे, पाणथळ माळरान. रेम्ब्राँचं 'नाइट वॉच' (१६४२) प्रचंड आहे, पण त्यासाठी पैसे मोजले ते नगररक्षकांनी स्वतः.

दंडक लिहून काढला तो फ्रान्सने. १६४८मध्ये राजाश्रयाने अकादमी स्थापन झाली आणि १६६७मध्ये आंद्रे फेलिबियाँने विषयांची उतरंड मांडली. सर्वांत वर इतिहास, पुराण आणि धर्म. मग व्यक्तिचित्र, रोजच्या जगण्यातले प्रसंग, निसर्गचित्र, तळाला फळं-भांडी. वरच्या पायरीवर चढायचं तर नग्न मॉडेलवरून मानवी शरीराचा अभ्यास हवा, आणि त्या वर्गात स्त्रियांना प्रवेश नव्हता. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँसारखी कसलेली चित्रकर्ती मुख्यतः व्यक्तिचित्रांपुरती राहिली, त्यामागे हेही कारण आहे. पुढे अकादमीचं प्रदर्शन लूव्रच्या 'सलोन कारे' या दालनात भरू लागलं आणि त्यावरूनच त्याला सलोन म्हणू लागले. कोणाचं चित्र लावायचं, हे पुढे परीक्षक मंडळ ठरवू लागलं.

रोकोकोवर मी फार रेंगाळणार नाही. १७१५मध्ये चौदावा लुई वारला, दरबारी मंडळी व्हर्सायहून पॅरिसच्या हवेल्यांमध्ये परतली आणि भव्यतेऐवजी नाजूकपणाला मागणी आली. वातोच्या सहली, बूशेच्या गुलाबी देवता, फ्रागोनारचा झोका. वातोच्या रंगात एक खिन्नता आहे, ती मला आवडते. बाकी पुष्कळ काम दिवाणखान्याची सजावट म्हणूनच झालं. दिदरोसारखा विचारवंत बूशेवर तुटून पडला आणि शार्दांच्या साध्या भांड्यांची त्याने मनापासून स्तुती केली.

दरम्यान, इटलीत १७३८पासून हर्क्युलेनियम आणि १७४८पासून पाँपेईचं उत्खनन सुरू झालं. प्राचीन रोम जमिनीतून वर येऊ लागलं. १७५५मध्ये जर्मन कलाभ्यासक विंकेलमानने ग्रीक कलेतल्या उदात्त साधेपणाचा आणि शांत भव्यतेचा पुरस्कार केला. नवअभिजातवादाचा पाया इथे आहे. जाक-लुई दाविदने १७८४मध्ये रोममध्ये राहून 'होरेशियसपुत्रांची शपथ' काढलं. काम राजाच्या खात्याचं होतं. दाविदने चित्र ठरलेल्या मापाहून मोठं केलं. तीन भाऊ, तीन तलवारी, देशासाठी मरायची शपथ, आणि एका कोपऱ्यात कोसळलेल्या बायका. पाच वर्षांनी क्रांती झाली. १७९३मध्ये दाविदने क्रांतीच्या संसदेत राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं आणि त्याच वर्षी खून झालेल्या क्रांतिकारक मारात्चं चित्र काढलं. आंघोळीचा टब, ठिगळ लावलेली चादर, लाकडी खोकं आणि खाली लोंबणारा हात. काराव्हाज्जोच्या 'ख्रिस्ताचं दफन' या चित्रातही हात असाच लोंबतो. संतांसाठी राखलेली मांडणी दाविदने एका समकालीन माणसाला दिली. उतरंडीला गेलेला हा पहिला मोठा तडा, असं मला वाटतं.

दुसरा तडा स्पॅनिश चित्रकार गोयाने पाडला. '३ मे १८०८' (१८१४) या चित्रात फ्रेंच सैनिकांच्या बंदुकांपुढे पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस हात पसरून उभा आहे. त्याला नाव नाही. मारणाऱ्यांना चेहरे नाहीत, फक्त पाठी दिसतात.

आणि मग फ्रेंच चित्रकार जेरिको. १८१६मध्ये 'मेदूझ' हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं. कप्तानाची नेमणूक वशिल्याची. त्याने कित्येक वर्षं जहाज चालवलेलंच नव्हतं. सुमारे दीडशे माणसं एका तराफ्यावर सोडून दिली गेली. तेरा दिवसांनी १५ जण जिवंत सापडले. जेरिकोने वाचलेल्यांना गाठून सगळं ऐकलं, प्रेतांची रेखाटनं केली, आणि १८१९च्या सलोनमध्ये जवळजवळ पाच मीटर उंच, सात मीटर रुंद चित्र लावलं. स्वच्छंदतावाद म्हटलं की वादळ आणि भावनांचा कल्लोळ आठवतो. तो इथे आहेच, पण प्रेतांपासून वर चढत जाणाऱ्या माणसांच्या त्या ढिगाऱ्यात सर्वांत उंचावर, कापड हलवणारा माणूस कृष्णवर्णीय आहे. फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी चालू असताना जेरिकोने ही जागा त्याला दिली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

कूर्बेपाशी पोचेपर्यंत आणखी बरंच बदललं होतं. ओनोरे दोमिये शिळाछापावरच्या व्यंगचित्रांतून राजावर तुटून पडत होता. त्यासाठी १८३२मध्ये तो तुरुंगातही गेला. १८३९मध्ये दागेरचं छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं. १८४८च्या क्रांतीने फ्रान्समधल्या सर्व प्रौढ पुरुषांना मतदानाचा हक्क दिला. ऑर्नांचा शेतकरी आता मतदार होता. त्यानंतर दोनच वर्षांनी तो सलोनच्या भिंतीवर खऱ्या मापात दिसला, तेव्हा पॅरिसच्या सुखवस्तू लोकांना त्यात चित्रापलीकडचं काहीतरी दिसणं साहजिक होतं. चित्र तिथे लागलं कसं? १८४९च्या सलोनमध्ये कूर्बेला पदक मिळालं होतं आणि त्यामुळे त्याच्या चित्रांना परीक्षक मंडळाची चाळणी उरली नव्हती.

हुबेहूब रंगवण्याचं कसब काराव्हाज्जोकडेही होतं. कूर्बेने नवं केलं ते हे, की गरिबाला संताचं नाव, ग्रीक पुराण किंवा जहाजफुटीसारखी मोठी दुर्घटना, यातलं काहीही न देता तसाच उभा केला. त्याच्या 'खडी फोडणारे' (१८४९) या चित्रात म्हातारा आणि पोरगा, दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत. दिसतात फाटके कपडे आणि लाकडी पादत्राणं. हे चित्र दुसऱ्या महायुद्धात, १९४५मध्ये, ड्रेस्डेनजवळ नष्ट झालं.

१८५५च्या जागतिक प्रदर्शनात परीक्षकांनी कूर्बेचं 'दफनविधी' आणि 'चित्रकाराचा स्टुडिओ' ही दोन्ही प्रचंड चित्रं नाकारली. त्याने शेजारीच स्वतःचा मंडप उभारला, 'वास्तववाद' अशी पाटी लावली आणि तिकीट ठेवलं. गर्दी झाली नाही. पण स्वच्छंदतावादाचा अध्वर्यू देलाक्रुआ तिथे जवळजवळ तासभर एकटा थांबला आणि नाकारलेलं चित्र श्रेष्ठ प्रतीचं आहे, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. सरकारी भिंतीशिवायही प्रदर्शन भरवता येतं, हा धडा पुढे एदुआर माने या चित्रकाराने आणि मोने-पिसारोच्या पिढीने गिरवला.

१८५७मध्ये चित्रकार मियेने सुगीनंतर शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. चित्र जेमतेम मीटरभर रुंद, तरी त्यातही काही टीकाकारांना क्रांतीची चाहूल लागली. त्याच १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे पोचली ती कूर्बेची बंडखोरी नव्हे, तर युरोपच्या अकादमीची शिस्त: प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन, मग मॉडेलवरून अभ्यास. महादेव विश्वनाथ धुरंधर याच तालमीत तयार झाले. त्यांनी शिवराज्याभिषेक रंगवला, तो इतिहासचित्राच्या दिमाखात. मुंबईतली रोजच्या व्यवहारातली साधी माणसंही त्यांनी तितक्याच आत्मीयतेने टिपली. त्यांतली बरीच लोकांपर्यंत पोचली ती पोस्टकार्डांवरून.