बेने इस्राएल धर्ममान्यता वाद

बेने इस्राएल धर्ममान्यता वाद : कोकणातून इस्राएलमध्ये गेलेल्या मराठीभाषक ज्यूंशी (बेने इस्राएलांशी) इतर ज्यूंनी विवाह करावा की नाही, यावरून 1961–64 या काळात तेथे उद्भवलेला वाद. धर्मशास्त्रीय शंका आणि वर्णभेदाची तक्रार यांची त्यात सरमिसळ झालेली आढळते.

शंकेचे मूळ या समाजाच्या अनिश्चित उत्पत्तीत आहे. परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या इतिहासग्रंथात (लेखन 1897, प्रकाशन 1937) हे आगमन इ. स. पू. 175 च्या सुमाराचे, सिरियाचा ग्रीक राजा अँटायोकस एपिफेनीझ याच्या छळातून झालेले मानले आहे. काहींनी प्राचीन इस्राएलच्या हरवलेल्या दहा टोळ्यांशी, तर काहींनी इ. स. पाचव्या-सहाव्या शतकातील येमेन किंवा इराणशी संबंध जोडला आहे. समकालीन लेखी पुरावा यांपैकी कोणत्याच मताला नाही. 2016 मधील एका जनुकीय अभ्यासात ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा दिसला आणि हा संकर सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा असावा, असा अंदाज निघाला. मात्र संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. लोकप्रिय लेखनात या दोहोंची गल्लत होते.

तेल गाळणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवला गेला. डेव्हिड राहाबी नावाच्या पाहुण्याने त्यांना ओळखल्याची कथा आहे : त्याने बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली, तेव्हा त्यांनी खवले व पर नसलेले मासे वेगळे काढले. हा राहाबी म्हणजे बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याचा भाऊ, हे मत आकर्षक आहे. पण अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्यातील व्यापारी ही ओळख अधिक संभाव्य वाटते.

भेदभाव समाजाच्या आतही होता. ज्यू नसलेल्या स्त्रियांपासूनची संतती ‘काळे’ व इतर ‘गोरे’ गणले जात; दोघांत बेटीव्यवहार नसे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंनी हाच संशय सबंध बेने इस्राएलांवर घेतला. सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना धरायचे की नाही, यावर वाद होत. रंगूनच्या सिनेगॉगमधील (ज्यू प्रार्थनामंदिरातील) हक्कांचा तंटा तर 1930 च्या दशकात न्यायालयात गेला.

1948 नंतर स्थलांतर वाढले. 1951–52 मध्ये काहींनी रंगावरून भेदभाव होत असल्याचे सांगत तेल अवीवमध्ये ठिय्या दिला व भारतात परत पाठवण्याची मागणी केली. काही परतलेही, त्यांतील बरेच जण पुढे पुन्हा इस्राएलला गेले.

ऑक्टोबर 1961 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) परिषदेने अशा विवाहास तत्त्वतः अनुमती दिली. परंतु 1962 च्या आरंभी काढलेल्या निर्देशानुसार नोंदणी करणाऱ्या रब्बीने अर्जदाराची आई, आजी व शक्य तितक्या मागच्या पिढ्या ज्यू होत्या का, हे तपासायचे होते. पूर्वजांत घटस्फोटानंतरचे पुनर्विवाह किंवा निषिद्ध नात्यांतील विवाह झाले होते का, हेही पाहायचे होते. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे विधिवत घटस्फोटपत्राविना स्त्रीचा पुनर्विवाह झाल्यास पुढील संततीवर बंधने येतात. कोकणात ही पत्रे देण्याची रीत नव्हती, हा रब्बींचा मुख्य आक्षेप. अर्थात, ज्यांच्या घरांत लेखी वंशावळीच नव्हत्या त्यांनी आजीच्या आईचा दाखला आणायचा कुठून?

1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन तीव्र झाले. ऑगस्टमध्ये नेसेटचे (इस्राएलच्या संसदेचे) विशेष अधिवेशन भरले. बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, अशी पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारची भूमिका सभागृहासमोर आली. त्यानंतर रब्बी परिषदेने निर्देशातून ‘बेने इस्राएल’ हे नाव वगळले. त्याजागी ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, असा मजकूर घातला.